खर्ज हरवलेला गोंगाट : मोबीचा ‘अ‍ॅनिमल राइट्स’

मोबी या अमेरिकी संगीतकाराचा ‘अ‍ॅनिमल राइट्स’ हा अल्बम सप्टेंबर १९९६ मध्ये ब्रिटनमध्ये ‘म्यूट’ या कंपनीने आणि फेब्रुवारी १९९७ मध्ये अमेरिकेत ‘इलेक्ट्रा’ या कंपनीने प्रकाशित केला. नृत्यसंगीतात नाव कमावलेल्या एका कलावंताने सिंथेसायझर मागे सारून गिटार गळ्यात अडकवली आणि घसा फाटेस्तोवर ओरडत गाणी म्हटली, एवढ्या एका वाक्यात या अल्बमची अपकीर्ती सांगून होते. स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेणाऱ्या कलावंतांची आठवण निघाली की त्याचे नाव हमखास येते, आणि ज्यांनी तो कधी ऐकलेलाच नाही अशी माणसेही ते मोठ्या खात्रीने घेतात. गेल्या काही आठवड्यांत मी तो पहिल्या रचनेपासून शेवटच्या रचनेपर्यंत, कधी स्पीकरवर तर कधी हेडफोन लावून, वारंवार ऐकला. त्यानंतर माझे मत असे झाले आहे की गिटार हाती घेणे ही या अल्बमची चूक नाही. चूक झाली ती गिटार घेण्यासाठी हात मोकळे करताना जे खाली ठेवले गेले त्यात.

हे म्हणणे पटण्यासाठी मोबी त्या आधी काय करत होता हे थोडक्यात सांगायला हवे. रिचर्ड मेलव्हिल हॉल हे त्याचे खरे नाव. जन्म १९६५ चा, न्यूयॉर्कमधला, आणि बालपण कनेक्टिकट राज्यातल्या डेरियन या गावात गेलेले. १९९१ मध्ये ‘गो’ या रचनेने तो ब्रिटनमधल्या नृत्यसंगीताच्या श्रोत्यांपर्यंत पोहोचला. अँजेलो बादालामेंटी यांनी ‘ट्विन पीक्स’ या दूरचित्रवाणी मालिकेसाठी बांधलेली एक उदास सुरावट तिच्यात नाचऱ्या ठेक्यावर बसवलेली होती. १९९३ च्या ‘थाउजंड’ या रचनेत त्याने लय मिनिटाला हजार ठोक्यांच्या पलीकडे नेली आणि तिची नोंद गिनेस बुकात झाली. ऐकायला ती रचना विक्रमाइतकी रंजक नाही, हे मात्र सांगितले पाहिजे. १९९५ च्या ‘एव्हरीथिंग इज राँग’ या अल्बमने समीक्षकांनाही जिंकले. त्यात पियानोची शांत, प्रार्थनेसारखी रचना होती, धावत्या ठेक्यावरचे जल्लोषाचे नृत्यसंगीत होते, आणि त्यांच्या मध्येच, जणू कोणीतरी चुकीची तबकडी लावून गेले असावे तशी, ‘ऑल दॅट आय नीड इज टू बी लव्ह्ड’ आणि ‘व्हॉट लव्ह’ ही दोन कर्कश गिटारगाणीही होती.

त्या दोन गाण्यांकडे तेव्हा हौसेचा भाग म्हणून दुर्लक्ष झाले असेल, पण पुढच्या वर्षीचा अख्खा अल्बम त्यांच्यातच लपलेला होता. आणि त्यांची मुळेही जुनी होती. मोबीने लहानपणीच गिटारचे रीतसर धडे घेतले होते आणि १९८० च्या दशकाच्या प्रारंभी तो व्हॅटिकन कमांडोज या हार्डकोर पंक, म्हणजे अतिवेगवान, कर्कश रॉक वाजवणाऱ्या बँडमध्ये गिटार वाजवत होता. या बँडची ‘हिट स्क्वॉड फॉर गॉड’ ही छोटी तबकडी १९८३ ची आहे, म्हणजे ‘गो’च्या आठ वर्षे आधीची. तेव्हा ‘इलेक्ट्रॉनिक संगीतकार रॉककडे वळला’ असे म्हणताना जरा थांबले पाहिजे. हा माणूस नव्या घरी राहायला गेला नव्हता, तर माहेरी परतला होता. फरक इतकाच की मधल्या दहा-बारा वर्षांत त्याचे कान बदलले होते, हातात नवी कला आली होती, आणि माहेरी जाताना ती कला त्याने सासरीच ठेवली.

प्रत्यक्ष ऐकण्याचा अनुभव असा. पहिली रचना ‘नाऊ आय लेट इट गो’ ही जेमतेम दोन मिनिटांची, शब्दांविना, व्हायोलिनच्या सुरावटीची आहे. तिच्यामुळे श्रोता निर्धास्त होतो आणि खुर्चीत मागे रेलून बसतो. मग ‘कम ऑन बेबी’ सुरू होते, आणि पहिल्यांदा ऐकताना माझा हात आपोआप आवाजाच्या बटणाकडे गेला. गिटारचा आवाज डाव्या आणि उजव्या बाजूंनी एकदम आदळतो, मध्ये एक किंचाळणारा आवाज आहे, आणि मागे कुठेतरी ढोल. ‘समवन टू लव्ह’, ‘हेवी फ्लो’ आणि ‘यू’ ही पुढची तीन गाणी त्याच आवेगात निघून जातात. ‘हेवी फ्लो’ तर दोन मिनिटेही टिकत नाही. या टप्प्यावर अल्बम बंद करणारे श्रोते बरेच असणार, आणि मी त्यांना दोष देणार नाही.

गिटारच्या या आवाजाविषयी थोडे तपशिलात लिहायला हवे, कारण सगळा मामला तिथेच अडलेला आहे. विद्युत गिटारचा सूर प्रमाणाबाहेर वाढवला की ध्वनिवर्धकाला तो पेलवत नाही आणि ध्वनिलहरीचे वरचे व खालचे टोक कापले जाऊन ती सपाट होते. या कापाकापीतून मूळ सुरात नसलेले कितीतरी उपस्वर जन्माला येतात आणि आवाजाला ती खरखरीत, करवतीसारखी धार येते, जिला डिस्टॉर्शन म्हणतात. अशा आवाजात तीन सुरांची पूर्ण कॉर्ड वाजवली तर उपस्वर एकमेकांत गुंतून नुसता चिखल होतो. म्हणून रॉक गिटारवादक गंधार वगळतात आणि केवळ षड्ज व पंचम एकत्र छेडतात, त्याला पॉवर कॉर्ड म्हणतात. तानपुऱ्याच्या षड्ज-पंचमावर वाढलेल्या कानाला ही गोष्ट परकी वाटण्याचे खरे तर कारण नाही. तिथेही दोनच सुरांच्या घर्षणातून उपस्वरांचे मोहोळ उठते आणि तेच भरून राहते. फरक असा की तानपुरा त्या मोहोळात श्रोत्याला बसायला जागा करून देतो, आणि ‘अ‍ॅनिमल राइट्स’च्या पूर्वार्धातली गिटार त्याला दाराबाहेर ढकलते.

असे का होते? माझ्या मते कारण खर्जाचे आहे. नेहमीच्या पद्धतीने लावलेल्या गिटारची सर्वांत खालची तार सुमारे ८२ हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला ८२ कंपनांवर, बोलते. तिच्या खालचा सगळा प्रदेश, जिथे छातीत धडधड जाणवते, तो बास आणि मोठ्या ढोलाचा. नृत्यसंगीत करणाऱ्याची खरी कमाई याच प्रदेशात असते. ५०–६० हर्ट्झच्या आसपास ढोल कसा ठेवावा, त्याच्या पाठोपाठ बास कसा सरकवावा, दोघांनी एकमेकांच्या पायात पाय कसा घालू नये, हे मोबी १९९५ पर्यंत इतके अचूक शिकला होता की त्याची साधीसुधी रचनाही भरीव वाटे. ‘अ‍ॅनिमल राइट्स’च्या वेगवान गाण्यांत मात्र तो मजला रिकामाच आहे. बास आहे, पण गिटारच्या भिंतीमागे दडलेला. ढोल आहेत, पण डब्यावर काठी आपटावी तसे वाजतात आणि त्यांचा प्रत्येक ठोका आधीच्या ठोक्यासारखाच असतो. पंकमधला ढोलवादक लयीच्या किंचित पुढे धावतो, श्वास लागल्यासारखा अडखळतो, आणि त्या अडखळण्यातच त्या संगीताचा जीव असतो. इथले ठोके मापात कापल्यासारखे पडतात. त्यामुळे राग खरा असूनही तो टेबलावर मोजून-मापून मांडल्यासारखा वाटतो. आवाज मोठा आहे, वजन नाही.

हेच काम इतरांनी कसे केले हे पाहिले म्हणजे मुद्दा स्पष्ट होईल. अल यूर्गेन्सन यांच्या मिनिस्ट्री या बँडचा १९८३ चा पहिला अल्बम गोडगोड सिंथ-पॉपचा होता, आणि १९९२ पर्यंत तोच बँड ‘साम ६९’मध्ये गिटारचे घणाघात करत होता. पण हे घण यंत्राच्या निर्दय अचूकतेने पडतात, कारण यंत्र कुठेही गेलेले नाही. गिटारलाच यंत्राचा भाग केलेले आहे. ट्रेंट रेझनर यांच्या नाइन इंच नेल्सने १९८९ च्या ‘प्रिटी हेट मशीन’नंतर १९९२ मध्ये ‘ब्रोकन’ आणला, तेव्हा त्यांनीही गिटारचा पूर सोडला, परंतु ती गिटार संगणकातून पिळून काढलेली होती, इतकी की काही ठिकाणी ती गिटार आहे की बिघडलेले इंजिन आहे ते कळू नये. ब्रिटनमधल्या द प्रॉडिजीने तर १९९७ च्या उन्हाळ्यात ‘द फॅट ऑफ द लँड’मध्ये एल-सेव्हन या रॉक बँडचे गाणे घेतले, त्याआधीच्या ‘फायरस्टार्टर’मध्ये द ब्रीडर्स या रॉक बँडच्या गिटारचा तुकडा वापरला, आणि ठेका मात्र आपलाच ठेवला. तो अल्बम ब्रिटन आणि अमेरिका दोन्हीकडे पहिल्या क्रमांकावर गेला. या तिघांनीही गिटारला आपल्या घरी आणले. मोबी गिटारच्या घरी गेला आणि तिथले नियम पाळत पाहुण्यासारखा अंग चोरून बसला.

या सगळ्यात योगायोगाचा एक क्रूर भागही आहे. १९९७ मध्ये अमेरिकी संगीतव्यवसाय इलेक्ट्रॉनिक संगीताला डोक्यावर घेण्याच्या तयारीत होता. केमिकल ब्रदर्स या इलेक्ट्रॉनिक संगीतातल्या जोडीचा ‘डिग युअर ओन होल’ हा अल्बम त्याच वसंतात आला. ज्या गाडीची मोबी पाच-सहा वर्षे वाट पाहत उभा होता ती फलाटाला लागली, तेव्हा तो स्टेशनाबाहेर गिटारच्या तारा जुळवत होता. व्यवहार म्हणून हे वाईटच. अल्बमचा दर्जा ठरवताना मात्र हा हिशेब बाजूला ठेवायला हवा, आणि त्या काळातल्या पुष्कळ परीक्षणांनी तो बाजूला ठेवला नाही असे मला वाटते.

मोबीच्या आवाजाची चर्चा टाळता येणार नाही. तो आवाज पातळ आहे, नाकातून येणारा आहे, आणि वरच्या पट्टीत ओरडताना चिरकतो. पंकमध्ये हा दोष मानला जात नाही, किंबहुना सफाईदार गळ्याचा माणूसच तिथे संशयास्पद ठरतो. तरीही इथे अडचण होते, कारण त्याचे ओरडणे पहिल्या ओळीपासूनच टिपेला पोहोचलेले असते आणि मग वर चढायला पायरीच उरत नाही. शब्द तर अगदीच थोडे आहेत. एखाद-दोन वाक्ये, तीच तीच, प्रत्येक वेळी तितक्याच ताकदीने. नृत्यसंगीतात हेच तंत्र उपकारक ठरते, कारण तिथे एकच ओळ आवर्तनागणिक परत येते तेव्हा खालचे संगीत बदललेले असते आणि ओळीचा अर्थही तसा बदलत जातो. इथे ओळ परत येते आणि खालीही तेच असते.

‘माय लव्ह विल नेव्हर डाय’ आणि ‘सॉफ्ट’ या गाण्यांत वेग उतरतो आणि गिटारला जरा अंग येते. ‘सॉफ्ट’ हे नाव अर्थातच थट्टेखातर दिलेले आहे.

नवव्या क्रमांकावर या अल्बममधली सर्वांत परिचित गोष्ट येते, ती म्हणजे बॉस्टनच्या मिशन ऑफ बर्मा या बँडचे ‘दॅट्स व्हेन आय रीच फॉर माय रिव्हॉल्व्हर’ हे गाणे. मूळ गाणे बासवादक क्लिंट कॉन्ली यांचे, १९८१ मधले. मोबीने ते बरेचसे मुळाबरहुकूम गायले आहे, आणि गाणे म्हणून बांधलेली रचना कशी असते हे त्याच्या शेजारी अल्बममधली बाकीची गाणी ठेवल्यावर नेमके लक्षात येते. कडव्यांत दाबून धरलेला ताण ध्रुवपदात सुटतो, आणि सुटण्यासाठी आधी तो दाबलेला असावा लागतो, हा साधा न्याय इथे पाळला गेला आहे. एमटीव्ही या संगीतवाहिनीसाठी केलेल्या आवृत्तीत पिस्तुलाचा उल्लेख काढून ओळ बदलावी लागली. ऐकायला ती विनोदी वाटते, कारण राग तसाच राहतो आणि रागाचे कारण तेवढे नाहीसे होते. याच बँडची आणखी एक गोष्ट या परीक्षणाशी संबंधित आहे. मिशन ऑफ बर्मा १९८३ मध्ये थांबला तो भांडणामुळे किंवा पैशांमुळे नव्हे, तर अतिशय मोठ्या आवाजात कार्यक्रम केल्याने गिटारवादक रॉजर मिलर यांच्या कानांत सतत घंटानाद होऊ लागल्यामुळे. ‘अ‍ॅनिमल राइट्स’ हेडफोनवर ऐकणाऱ्यांनी आवाज दोन घरे खालीच ठेवावा, असे मी केवळ सावधगिरी म्हणून सांगत नाही. कमी आवाजात या अल्बममधले बरेच काही जास्त स्पष्ट ऐकू येते.

आणि मग दहावी रचना, ‘फेस इट’. पूर्वार्धाबद्दल इतके कठोर लिहिल्यानंतरही हा अल्बम मी पुन्हा पुन्हा का लावला, याचे उत्तर या दहा मिनिटांत आहे. सुरुवात संथ आहे. आवाज हळू आहे, जवळजवळ बोलल्यासारखा, आणि गिटारला घाई नाही. मोबी इथे पहिल्यांदा तीच गोष्ट करतो जी तो नृत्यसंगीतात करत असे. एक छोटी आकृती घेतो, ती फिरू देतो, पुन्हा फिरू देतो, श्रोत्याला तिची सवय लागली की एक नवा थर चढवतो, आणि तो चढल्याचे श्रोत्याला जरा उशिराच कळते. खयाल ऐकणाऱ्याला हा धीर ओळखीचा वाटेल. विलंबितात आठ-दहा आवर्तने होईपर्यंत गायक मुखड्याला हात लावून परत जात राहतो, तसेच इथे गिटार समेजवळ येऊन मागे फिरते. मी एकदा घड्याळ समोर ठेवून ऐकले तेव्हा कळले की आवाज नेमका कुठे मोठा झाला ते मला सांगता येत नाही. मोठा झालेला आहे एवढेच एका क्षणी लक्षात येते. आणि जेव्हा डिस्टॉर्शनची भिंत पूर्ण उभी राहते तेव्हा ती ढकलत नाही, कारण आपण तिच्या आतच उभे असतो. ‘कम ऑन बेबी’मध्ये जी गिटार आदळली होती, तीच गिटार, तोच आवाज, तोच किंचाळणारा गळा. पण पोहोचण्याचा रस्ता मिळाल्यामुळे सगळ्याला वजन आले आहे.

‘से इट्स ऑल माइन’ या सहा मिनिटांच्या आठव्या रचनेतही याची चाहूल लागते. ‘लिव्हिंग’ मध्ये शब्द नाहीतच. सुमारे सात मिनिटे गिटार सिंथेसायझरसारखी पसरत राहते, एखाद्या मोठ्या रिकाम्या दालनात कोणी दूरवर वाजवत असावे तशी, आणि आपण गिटार ऐकतो आहोत की यंत्र, हा भेदच निकालात निघतो. शेवटची ‘लव्ह साँग फॉर माय मॉम’ ही आईसाठी लिहिलेली शब्दविरहित, कोमल रचना आहे. मोबी दोन वर्षांचा असताना वडील मोटार अपघातात गेले आणि आईनेच त्याला वाढवले. अल्बम प्रकाशित झाल्यानंतरच्या वर्षी ती कर्करोगाने वारली. ही माहिती समजल्यानंतर ती रचना पूर्वीसारखी ऐकता येत नाही, हे खरे. पण माहिती नसतानाही ती चांगलीच वाटली होती, म्हणून तिची गणना केवळ सहानुभूतीत होऊ नये.

आता वस्तू म्हणून या अल्बमविषयी. ब्रिटनमधल्या पहिल्या आवृत्तीच्या मर्यादित प्रतींबरोबर ‘लिटल इडियट’ नावाची दुसरी तबकडी मिळत असे, आणि ती संपूर्णपणे शांत, वातावरणनिर्मिती करणाऱ्या संगीताची आहे. अमेरिकेतल्या आवृत्तीत रचनांची निवड आणि क्रम दोन्ही बदललेले आहेत. त्यामुळे दोन श्रोते या अल्बमबद्दल वाद घालत असतील तर ते दोन वेगळ्या वस्तूंबद्दल बोलत असण्याची शक्यता असते. मी दोन तबकड्यांची प्रत म्हणून जी जुनी सीडी एका विक्रेत्याकडून मागवली, तिच्या पेटीत दुसरी तबकडी नव्हतीच. तिच्या जागी कोणत्यातरी संगणक-प्रणालीची तबकडी नीट बसवून ठेवलेली होती, आणि विक्रेत्याचे उत्तर असे आले की ‘डिस्कची संख्या बरोबर आहे’. दुसरी प्रत मिळवायला आणखी दीड महिना गेला. म्हणून जुनी प्रत घेणाऱ्यांनी आतल्या दोन्ही तबकड्यांचे छायाचित्र आधी मागून घ्यावे.

ही खटपट व्यर्थ गेली नाही. ‘लिटल इडियट’ लागल्यावर पहिल्या तबकडीचे कोडे बरेचसे उलगडते. जो धीर, जो अवकाश आणि जी मोकळी जागा पूर्वार्धातल्या गाण्यांना हवी होती, ती सगळी इथे आहे. एका माणसाचा राग आणि त्याचे मौन दोन वेगवेगळ्या खोल्यांत कोंडून मधले दार बंद करावे, तसे हे झाले आहे. हे दार जिथे उघडे राहिले, म्हणजे ‘फेस इट’ आणि ‘लिव्हिंग’मध्ये, तिथे अल्बम उभा राहतो. दोन्ही तबकड्यांचे साहित्य एकत्र मिसळून पन्नास मिनिटांचा एकच अल्बम केला असता तर आज त्याची चर्चा वेगळ्या सुरात झाली असती, अशी माझी समजूत आहे.

सीडीबरोबरच्या पुस्तिकेत मोबीचे निबंध आहेत. तो अनेक वर्षांपासून प्राणिजन्य पदार्थ वर्ज्य करणारा असल्याने आणि अल्बमचे नाव लक्षात घेता विषयांचा अंदाज बांधता येईल. ते प्रामाणिक आहेत आणि गाण्यांपेक्षा शांतपणे लिहिलेले आहेत. गाण्यांत मात्र प्राण्यांच्या हक्कांचा विषय जवळपास येतच नाही. नाव वाचून घोषणांची अपेक्षा करणाऱ्याला प्रेम, एकाकीपणा आणि हताशा एवढेच मिळेल.

अल्बम विकला गेला नाही. साउंडगार्डन या रॉक बँडच्या आधी मंचावर जाताना प्रेक्षक वस्तू फेकून मारत आणि स्वतःच्या दौऱ्यात रोज पन्नासेक माणसे येत, असे मोबीनेच नंतर सांगितले आहे. अमेरिकेत इलेक्ट्राची साथही सुटली. पुढचा अल्बम ‘प्ले’ १९९९ मध्ये तिथे दुसऱ्याच कंपनीकडून आला, पहिल्या आठवड्यात सुमारे ६,००० प्रती खपल्या, आणि नंतर त्याने एक कोटीचा टप्पा ओलांडला. ‘प्ले’च्या यशाची कथा अनेकदा अशी सांगितली जाते की गिटारचा हट्ट सोडल्यावर मोबी शहाणा झाला. मला ती कथा अर्धवट वाटते. त्यातल्या ‘बॉडीरॉक’ या गाण्याचा कणा म्हणजे गिटारचा एक ठसठशीत रिफच, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारी छोटी सुरावट, आहे. फरक असा की तो रिफ आता एका भरदार ठेक्यावर स्वार आहे, थोडाच वाजतो, आणि त्याच्या आजूबाजूला हवा आहे. गिटार कुठेही गेलेली नव्हती, खर्ज परत आला होता. पुढे २०१६ मध्ये ‘द व्हॉइड पॅसिफिक क्वायर’ या नावासह काढलेल्या ‘दीज सिस्टिम्स आर फेलिंग’ या अल्बममध्ये मोबीने पुन्हा जोरकस, घाईची, ओरडून म्हणायची गाणी केली. त्यांत यंत्र आणि गिटार खांद्याला खांदा लावून धावतात, आणि वीस वर्षांपूर्वी जी गोष्ट जमली नव्हती ती बऱ्याच अंशी जमते. कदाचित त्यातली चूक करण्याची हिंमत मात्र थोडी कमी झालेली आहे.

‘प्ले’ आवडला म्हणून त्याच्या मागचा अल्बम घ्यावा, असे ज्यांच्या मनात असेल त्यांनी घाई करू नये. त्यांना ‘एव्हरीथिंग इज राँग’ अधिक लागू पडेल. पंक नेहमी ऐकणाऱ्यांना पूर्वार्धात नवे काही मिळणार नाही, आणि ढोलांचा आवाज त्यांना खटकल्यावाचून राहणार नाही. पण संथ लयीत हळूहळू वाढत जाणाऱ्या गिटारचे ज्यांना वेड आहे, त्यांनी ब्रिटिश आवृत्ती जरूर शोधावी. माझी स्वतःची ऐकण्याची पद्धत आता ठरून गेली आहे. आठव्या रचनेपासून सुरुवात करायची, शेवटपर्यंत जायचे, मग तबकडी बदलून ‘लिटल इडियट’ लावायची. पहिल्या सात रचना मी महिन्यातून एखाद्या वेळी लावतो, बहुधा कशाचा तरी संताप आलेला असतो तेव्हा, आणि त्या वेळी ‘हेवी फ्लो’ दोन मिनिटांच्या आत संपते याची थोडी चुटपुटही लागते.